भाजण्यापूर्वीचा रंग आणि भाजल्यानंतरचा रंग

(मातीकामातील रंगलेप, थर व मिश्रण : इयत्ता ५ वी ते ७ वीसाठी पाठ)

मातीकामाचा तास म्हटला की पुष्कळ शाळांत एकच दृश्य दिसते. बाजारातून भाजलेली बोळकी व पणत्या आणल्या जातात, मुले त्यांवर बाजारी रंगांनी वेलबुट्टी काढतात आणि त्या वस्तू पाहुण्यांच्या भेटीपर्यंत कपाटात मांडून ठेवल्या जातात. वस्तू सुबक दिसतात हे खरे. परंतु बोळक्यात पाणी भरताच रंग बोटास लागतो आणि एकदोन पावसाळ्यांत तो नाहीसा होतो. मुलाच्या हातून घडलेले काम त्याच्या डोळ्यांदेखत पुसले जाते.

याउलट अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि तांबड्या भांड्यांवर काळ्या रेघांची नक्षी असलेली खापरे मिळाली. तशीच खापरे नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथेही मिळाली. ह्या भांड्यांचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वी १४०० ते १००० असा मानतात. तीन हजार वर्षे मातीखाली राहूनही ती काळी रेघ गेली नाही. कारण काय? ती रेघ भाजलेल्या भांड्यावर काढलेली नव्हती. भांडे भाजण्यापूर्वी काढलेली होती. अग्नीने माती व रंग यांस एकजीव केले.

हा भेद विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे, हा ह्या पाठाचा पहिला हेतू होय. दुसरा हेतू त्याहून मोठा आहे. भाजण्यापूर्वी जो रंग दिसतो तोच भाजल्यानंतर राहील असे नाही. म्हणून ह्या कामात नुसता हात चालून भागत नाही. अंदाज करणे, नोंद ठेवणे, वाट पाहणे आणि अंदाज चुकल्यास तो चुकला असे मान्य करणे, ह्या चारही गोष्टी कराव्या लागतात. चित्रकला, विज्ञान व गणित हे तीन विषय येथे आपोआप एकत्र येतात.

१. विषयाचा परिचय

मातीच्या भांड्यास रंग देण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, कच्च्या भांड्यावर रंगीत मातीचा पातळ लेप देऊन भांडे भाजणे. गावोगावचे कुंभार गेरूचा लेप देतात तो हाच. दुसरा, कच्च्या किंवा एकदा भाजलेल्या भांड्यावर खनिज रंगांनी नक्षी काढून तिच्यावर काचेसारख्या पारदर्शक झिलईचा थर देणे व पुन्हा भाजणे. यास झिलईखालील रंग म्हणतात. येथे रंग काचेच्या आत कोंडला जातो. तो हाताने झिजत नाही व पाण्याने निघत नाही. तिसरा मार्ग झिलईच्या वर रंग देऊन मंद आचेवर भाजण्याचा.

चीनमधील पांढऱ्या भांड्यांवरील निळी नक्षी ही झिलईखालील रंगांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. चौदाव्या शतकात तेथे ही कला भरास आली. आपल्या देशात जयपूरची निळी भांडी ह्याच जातीची. ती चिकणमातीची नसतात. गारगोटीचे पीठ, काचेची पूड, मुलतानी माती इत्यादींच्या लगद्याची असतात. त्या लगद्यावर नक्षी काढून वर झिलई देतात आणि ती भाजतात.

खेड्यातील शाळेत झिलईचे काम करणे शक्य नाही व योग्यही नाही. त्याची कारणे पुढे दिली आहेत. परंतु रंगांचे थर व मिश्रण यांचे जे नियम झिलईखालील रंगांस लागू पडतात, त्यांपैकी बहुतेक साध्या रंगलेपांसही लागू पडतात. म्हणून गेरू, पिवडी व पांढरी माती एवढ्या साहित्यावर हा पाठ पूर्णपणे घेता येतो.

२. परिसरातील आधार

खुलताबाद तालुक्यातील शिक्षकांस ह्या पाठासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शेजारी दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल नावाची वास्तू आहे. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यानंतर तेथील शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा यास औरंगजेबाने येथेच कैदेत ठेवले होते. ह्या वास्तूच्या दर्शनी भागावर निळ्या झिलईदार फरश्या बसविलेल्या होत्या. त्यांचे थोडे अवशेष अद्याप दिसतात. त्याच किल्ल्यातील पंधराव्या शतकातला चाँद मिनारही एके काळी अशाच फरश्यांनी मढविलेला होता. सहलीच्या वेळी मुलांस हे अवशेष दुरून दाखवावेत व एकच प्रश्न विचारावा : भिंतीचा चुना काळवंडला, मग हा निळा रंग कसा टिकला? उत्तर लगेच सांगू नये. अवशेषांस हात लावू नये व एकही तुकडा उचलू नये, हे मात्र निघण्यापूर्वीच बजावावे.

वेरूळ व अजिंठा येथील चित्रांचा उपयोग भेद दाखविण्यासाठी करावा. ती चित्रे गिलाव्यावर काढलेली असून त्यांतील रंग भाजलेले नाहीत. म्हणूनच अजिंठ्याच्या चित्रकारांस गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळ आणि परदेशातून आलेला लाजवर्द दगड हे सर्व रंग वापरता आले. तेच रंग मडक्यावर देऊन भट्टीत घातले, तर त्यांतील मोजकेच आपल्या मूळ रूपात बाहेर पडतील.

ह्या दोन कलांची भेट एकदा झाली होती. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ ह्या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते. त्याच शाळेत जॉर्ज टेरी यांनी मातीकामास उत्तेजन दिले होते, आणि तेथे घडलेल्या झिलईदार भांड्यांवर अजिंठ्यातील आकृत्या उतरल्या. आपल्या जिल्ह्यातील भिंतीवरचे चित्र अशा रीतीने अग्नीतून जाऊन भांड्यावर स्थिर झाले, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

३. अग्नी रंगाचे काय करतो

शिक्षकाने पुढील गोष्टी स्वतः नीट समजून घ्याव्यात.

गेरू हा लोहाचा भस्मरूप रंग होय. तो मुळातच तांबडा असतो व मोकळ्या हवेत भाजल्यावरही तांबडाच राहतो.

पिवडी हीही लोहाचीच माती आहे. परंतु तिच्यातील लोहाशी पाणी जखडलेले असते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर ते पाणी निघून जाते आणि पिवळी पिवडी तांबडी होते. ती पुन्हा पिवळी होत नाही.

हिरव्या मातीतही लोह असते. भाजल्यावर तिचा हिरवेपणा जाऊन ती तपकिरी होते.

काजळ, कोळसा, हळद, कुंकू, पानांचा रस व झाडापासून केलेली नीळ हे सर्व जळणारे पदार्थ आहेत. भट्टीत ते जळून जातात व मागे काही राहत नाही.

चुना, खडू व चुनखडी ही मुलांस पांढरा रंग म्हणून हमखास सुचतात. ती वापरू नयेत. भट्टीत चुनखडीचा कळीचा चुना होतो. पुढे तो हवेतील ओल शोषून फुगतो व लेपाचे पोपडे निघतात. मातीत चुनखडीचा खडा राहिला तर भाजलेली वस्तू चारआठ दिवसांनी आपोआप टवका उडून फुटते, तेही ह्याच कारणाने.

हवेचाही रंगावर परिणाम होतो. भट्टीत हवा खेळती असेल तर लोह तांबडे होते. धूर कोंडला तर तेच लोह काळे पडते. दक्षिणेत प्राचीन काळी काळी-तांबडी भांडी होत असत. एकाच भांड्याचा काही भाग काळा व काही तांबडा असे. तो दोन रंगांचा नव्हे, हवा व धूर यांचा खेळ होता. म्हणून मुलाच्या फरशीवर काळा डाग आला तर त्यास दोष देण्यापूर्वी ती फरशी आव्यात कोठे होती हे पाहावे.

४. साहित्य

गावच्या कुंभाराकडील मळलेली माती. गेरू, पिवडी व पांढरी चिनी माती यांची वस्त्रगाळ पूड. तीनचार वाट्या, एक चमचा, मऊ कुंचले, तारेचा तुकडा, खिळा, जुने धोतर किंवा पातळ कापड, आणि प्रत्येक गटाची एक वही. एवढे पुरे.

रानातील काळी माती तशीच वापरू नये. ती सुकताना फार आकसते व तडकते. कोणत्या मातीत काय मिसळावे हे कुंभारास ठाऊक असते. म्हणून ह्या पाठात कुंभारास शाळेत सन्मानाने बोलवावे. मुलांनी त्यांस काका किंवा आजोबा म्हणून नमस्कार करावा, खुर्ची द्यावी व प्रश्न विचारावेत. ज्यांच्या घरी चाक फिरते अशी मुले वर्गात असल्यास त्या दिवशी ती मागच्या रांगेत बसणार नाहीत, हा लाभ लहान नव्हे.

लेप करताना पूड पाण्यात कालवून कापडातून गाळावी. लेप दाट ताकाइतका असावा. नुसत्या चिनी मातीचा लेप गावच्या आव्यातील आचेवर घट्ट बसत नाही व पिठासारखा निघू शकतो. म्हणून तीत थोडी भांड्याचीच माती वस्त्रगाळ करून मिसळावी. किती मिसळावी हे प्रयोगाने ठरवावे आणि जे ठरेल ते वहीत लिहावे.

५. पाठाची मांडणी

पहिला तास : फरशी करणे. प्रत्येक गटाने सुमारे १२ सेंटिमीटर लांबीरुंदीच्या व बोटाइतक्या जाडीच्या दोन फरश्या थापाव्यात. मागील बाजूस खिळ्याने गटाचा क्रमांक कोरावा. शाईने किंवा शिसपेन्सिलीने लिहू नये. ती अक्षरे भट्टीत जळून जातात. फरश्या सावलीत ठेवाव्यात. नखाचा ठसा उमटतो पण फरशी वाकत नाही, अशी चामड्यासारखी अवस्था येईल तेव्हा ती लेपास योग्य झाली असे समजावे. पूर्ण सुकलेल्या फरशीवर लेप दिल्यास फरशी आधीच आकसलेली असते. लेप मात्र मागाहून आकसतो व भेगाळतो.

दुसरा तास : मिश्रणाची फरशी. गेरू व पांढरी माती ह्या दोन कोरड्या पुडी सपाट चमच्याने मोजून पाच वाट्यांत घ्याव्यात. गेरू ४ व पांढरी ०. ३ व १. २ व २. १ व ३. ० व ४. प्रत्येक मिश्रणाचा एक पट्टा पहिल्या फरशीवर क्रमाने द्यावा. मुलांनी येथे गुणोत्तरे व शेकडेवारी लिहावी : १००, ७५, ५०, २५ व शून्य टक्के गेरू. मग अंदाज लिहावा : बरोबर मधला रंग कोणत्या पट्ट्यात दिसेल? बहुतेक मुले तिसरा पट्टा सांगतील. भाजल्यानंतर त्यांस आढळेल की गेरूचा जोर मोठा असतो. निम्म्याहून कमी गेरू असलेला पट्टाही तांबडाच वाटतो. संख्येचा मध्य आणि डोळ्यास दिसणारा मध्य एकच नव्हे, हे त्या फरशीतून कळते.

तिसरा तास : थरांची फरशी. दुसऱ्या फरशीवर चार उभे पट्टे द्यावेत : क पांढरी माती, ख गेरू, ग पिवडी, घ गेरू व पांढरी समभाग. लेपाची चकाकी जाऊन तो निस्तेज दिसू लागला म्हणजे त्याच क्रमाने चार आडवे पट्टे द्यावेत. फरशीवर १६ घरे होतील. मुलांस विचारावे : किती घरांत तोच रंग दोनदा आला? (४) उरलेली घरे किती? (१२) दोन भिन्न रंगांच्या जोड्या किती? (६) मग प्रत्येक जोडी दोनदा का आली? येथे मुले थांबतील, फरशी फिरवून पाहतील आणि कोणीतरी सांगेल, “गुरुजी, एकदा गेरू खाली आहे अन् एकदा गेरू वर आहे.” हे वाक्य मुलाच्या तोंडून आले म्हणजे तास सफल झाला. शिक्षकाने ते आधी सांगून टाकू नये.

दोन्ही फरश्या सावलीत आठवडाभर सुकू द्याव्यात. त्या अवधीत प्रत्येक घराचा आताचा रंग व भाजल्यानंतरचा अपेक्षित रंग वहीत लिहून घ्यावा. अपेक्षा लिहिल्याशिवाय फरशी आव्यात जाऊ देऊ नये. आधी लिहिलेले नसेल तर मागाहून प्रत्येकास आपल्याला ठाऊकच होते असे वाटते, व शिकणे राहून जाते.

चौथा तास : निरीक्षण. कुंभाराच्या आव्यात मोठ्या घड्यांच्या आत फरश्या ठेवल्यास राख व ज्वाला त्यांस थेट लागत नाहीत. आवा पूर्ण निवाल्यावर फरश्या काढाव्यात व वहीशी ताडून पाहाव्यात. मग ओले फडके फरशीवरून फिरवावे. ओल्या फरशीवर रंग गडद व सतेज दिसतात. पारदर्शक झिलई दिली असता ते साधारण असेच दिसले असते. झिलईशिवाय झिलईची कल्पना देण्याचा हा सोपा उपाय आहे.

६. थर व मिश्रण यांतील भेद

कागदावर पिवळा व निळा मिसळला की हिरवा होतो, हे मुलांस ठाऊक असते. मातीकामात थर देणे आणि मिसळणे ह्या निरनिराळ्या क्रिया आहेत, हे थरांच्या फरशीवरून दाखवावे.

मिश्रणात दोन्ही द्रव्ये सर्वत्र सारखी पसरतात व एकच नवा रंग मिळतो. थरांत वरचा रंग मुख्य दिसतो, खालचा त्यातून झिरपल्यासारखा जाणवतो. पांढऱ्यावर गेरू आणि गेरूवर पांढरा ही दोन घरे शेजारी शेजारी पाहावीत. पहिल्यात गेरू उजळतो. दुसऱ्यात पांढरा गुलाबट मळकट होतो. द्रव्ये तीच, क्रम बदलला.

खालची माती हाही एक थरच आहे, हे मुले विसरतात. तांबड्या मातीवर फिका रंग बुडून जातो. तो उठून दिसावा म्हणून खाली पांढरा लेप द्यावा लागतो. तुर्कस्तानातील इझनिक येथील प्रसिद्ध भांड्यांवरही रंगाखाली शुभ्र लेप असे. भांड्याच्याच मातीचा लेप उघड्या फरशीवर दिल्यास दिसतही नाही. तोच पांढऱ्या पट्ट्यावर दिला की स्पष्ट दिसतो.

जाडीविषयी एक नियम सांगावा : एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले. पहिल्या थराचे कुंचले आडवे असतील तर दुसऱ्याचे उभे असावेत. म्हणजे ओरखडे भरून निघतात. खालचा थर ओला असताना वरचा दिल्यास दोन्ही कालवले जातात व थराऐवजी मळकट मिश्रण होते. खालचा पार कोरडा झाल्यावर दिल्यास वरचा सोलून निघतो. योग्य वेळ ती मधली, चकाकी जाण्याची. ती घड्याळ सांगत नाही. वाकून पाहिले म्हणजे दिसते.

थर दिल्यावर तारेच्या टोकाने वरचा लेप खरवडून खालचा रंग उघडा करता येतो. चुकलेली रेघ पुसण्यापेक्षा ह्या रीतीने काढलेली रेघ स्वच्छ येते, व हाताने रंगविण्यास बिचकणारी मुलेही ती सहज काढतात.

७. झिलईखालील खनिज रंग : शिक्षकांच्या माहितीसाठी

हा भाग वर्गात करावयाचा नाही. पण मुले प्रश्न विचारतात, म्हणून शिक्षकास तो ठाऊक असावा.

निळा रंग कोबाल्ट ह्या धातूपासून येतो. त्याचे भस्म काळे असते. भाजून झिलईत विरघळल्यावर निळे होते. त्याचा जोर फार मोठा असतो. झिलईत शेकडा अर्धा भाग कोबाल्टही गडद निळा रंग देतो; लोह मात्र शेकडा ८ ते १० भाग घातले म्हणजे गडद तपकिरी होते. म्हणून निळा व तपकिरी समभाग मिसळले तर मध्यम रंग येईल, हा हिशेब येथे चालत नाही.

तांब्यापासून सामान्यतः हिरवा रंग येतो. परंतु झिलईत क्षार अधिक असल्यास तोच नीलहरित होतो, आणि धूर कोंडलेल्या भट्टीत तांबडाही होतो. मँगनीजपासून तपकिरी ते जांभळट रंग येतात. कोबाल्टमध्ये थोडे लोह मिसळल्यास निळ्याचा भडकपणा जाऊन तो शांत होतो. लोह, मँगनीज व कोबाल्ट एकत्र केल्यास काळा मिळतो.

क्रोमियमचे वर्तन सर्वांत बोधप्रद आहे. त्याचे भस्म हिरवे असते व रंगही हिरवाच देते. परंतु कथील व चुना यांच्या संगतीत त्यापासून गुलाबी रंग होतो, आणि झिलईत जस्त असेल तर तपकिरी. हिरव्यातून गुलाबी निघणे हे रंग मिसळण्याच्या कोणत्याही पुस्तकी नियमात बसत नाही. कारण येथे रंग मिसळत नाहीत; पदार्थांचा रासायनिक संयोग होतो.

कारखान्यात हे पदार्थ आधीच एकत्र भाजून, दळून तयार रंग करतात. त्यामुळे ते बरेचसे दिसतात तसेच उतरतात. तरीही जाड थर दिल्यास वरची झिलई रंगावरून आक्रसून दूर होते व उघडे चट्टे पडतात. झिलई फार पातळ होऊन वाहिली तर बारीक रेघा पसरतात. म्हणून अनुभवी कारागीरही नवा रंग आला की आधी फरशीवर चाचणी घेतो. शाळेतील फरशी म्हणजे लहान मुलांचा खेळ नव्हे. कारागिराची तीच रीत होय.

८. सावधगिरी

गावच्या आव्यात आच साधारण ७०० ते ८५० अंशांपर्यंत जाते. एवढ्या कमी आचेवर वितळणारी झिलई पूर्वी बहुधा शिशाची करीत. मुर्दाडशिंग व शेंदूर हे दोन्ही शिशाचेच पदार्थ आहेत. शेंदूर गावात सहज मिळतो, रंगाने आकर्षक असतो आणि भाजल्यावर भांड्यास चकाकी देतो. म्हणूनच येथे मोह होण्याचा संभव आहे. परंतु शिसे हे विष आहे. अशा झिलईच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार किंवा लोणचे ठेवल्यास आंबटपणामुळे शिसे अन्नात उतरते. लहान मुलांचे शरीर ते मोठ्यांपेक्षा अधिक प्रमाणात शोषून घेते व त्याचा मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. सुरक्षित म्हणावी अशी शिशाची कोणतीही मात्रा ज्ञात नाही. यास्तव शेंदूर व मुर्दाडशिंग यांचा एक कणही मातीकामाच्या तासास येऊ देऊ नये.

त्याचप्रमाणे हरताळ, हिंगूळ व मोरचूद हे पदार्थ रंग म्हणून वापरू नयेत. काळ्या रंगासाठी विजेरीचे जुने घट फोडण्याची कल्पना मोठी मुले काढतात. तीस सक्त मनाई असावी.

कोरडी पूड शिक्षकाने स्वतः, नाकास ओले फडके बांधून, वाऱ्याच्या आडोशास मोजावी. कुंचला जिभेवर टोकदार करण्याची सवय मोडावी. तासानंतर जमीन झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी, कारण मातीची बारीक धूळ फुप्फुसास अपायकारक असते. आवा पेटविणे व उघडणे ही कामे कुंभारानेच करावीत.

९. अंदाज चुकतो तेव्हा

कल्पना करावी की पाचवीतील एका मुलीने दसऱ्याच्या सुमारास पिवडीने झेंडूची फुले काढली. आव्यातून फरशी आली तेव्हा सगळी फुले विटकरी तांबडी. ती म्हणेल, “बाई, माझी फुले कोणी बदलली?” अशा वेळी दोन मोह होतात. एक, मुलीस तिची चूक सांगण्याचा. दुसरा, फुलांवर बाजारी पिवळा रंग फिरवून तिला हसविण्याचा व फरशी प्रदर्शनात मांडण्याचा. दोन्ही टाळावेत. पहिल्याने मुलगी खचते; दुसऱ्याने तिला असे शिकविले जाते की खरे झाकून बरे दाखवावे.

बाईंनी एवढेच म्हणावे, “तुझी वाटीत उरलेली पिवडी आण.” ती चिमूटभर पिवडी लोखंडी पळीत घेऊन स्वतः चुलीवर धरावी. काही मिनिटांत सर्व वर्गासमोर पिवळी पूड तांबडी होईल. फुले कोणी बदलली ते मुलीस कळेल, आणि ते तिने आपल्या प्रश्नामुळे साऱ्या वर्गास कळविले असेल. तिच्या वहीतील चुकलेला अंदाज खोडू नये. त्याच्यापुढे खरा निकाल व कारण लिहावे.

याच कारणास्तव मुलाची आवडती वस्तू प्रथम भट्टीत जाऊ देऊ नये. आधी चाचणीची फरशी, मग पणती, मग मडके. फरशी फसली तर ज्ञान मिळते. आवडते मडके फसले तर मूल पुन्हा मातीस हात लावीनासे होते.

मूल्यमापनातही हेच तत्त्व ठेवावे. फरशी किती सुंदर उतरली यास गुण देऊ नयेत. अंदाज आधी लिहिला होता काय, प्रमाण मोजले होते काय, निकाल जसा आला तसा नोंदविला काय, आणि पुढच्या फरशीत त्याचा उपयोग केला काय, ह्या चार गोष्टी पाहाव्यात. शाळेस भेट देणाऱ्यांसमोर सुबक मडक्यांच्या जोडीला फसलेल्या फरश्याही वहीसह मांडाव्यात. ज्या शाळेत अशा फरश्या उघड मांडल्या जातात, तेथे मुले उत्तर चुकेल म्हणून गप्प बसत नाहीत.

पुढील वर्षी नवा वर्ग येईल तेव्हा मागील वर्षाच्या फरश्या त्याच्या हाती द्याव्यात. शाळेच्या भिंतीवर अशा क्रमांकित फरश्यांची एक रांग वर्षानुवर्षे वाढत गेली, तर त्या गावच्या मातीत कोणते रंग आहेत याची ती कायमची नोंद होईल. वही फाटेल, शाई फिकी होईल. अग्नीतून गेलेली ही नोंद पावसाने पुसली जाणार नाही.

मुलांसाठी प्रश्न

१. बाजारी रंगाने रंगविलेले बोळके व गेरूचा लेप देऊन भाजलेले बोळके ओळखावयाचे असल्यास कोणती परीक्षा घ्याल?
२. चारऐवजी पाच रंगांचे उभेआडवे पट्टे दिल्यास घरे किती, एकाच रंगाची घरे किती व भिन्न जोड्या किती होतील?
३. गेरू व पिवडी यांचे पट्टे भाजल्यानंतर जवळजवळ सारखे दिसले. याचे कारण सांगा.
४. कोळशाने काढलेले चित्र भट्टीतून बाहेर आल्यावर फरशी कोरी का दिसते?
५. आपल्या गावच्या कुंभारकाकांस विचारा : भांडे पुरेसे भाजले आहे हे ते कसे ओळखतात? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा.